बिनझाकणाचा कॉम्प्युटर

माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरला झाकण नव्हतं. म्हणजे होतं, पण ते टेबलाखाली धूळ खात पडलेलं असायचं. कुरखेड्यातल्या त्या टिनाच्या खोलीत पेटी बंद ठेवली की अर्ध्या तासात तापायची आणि बंद पडायची, म्हणून मी ती उघडीच ठेवून बाजूला टेबलफॅन लावायचो. भद्रावतीच्या फॅक्टरी कॉलनीत राहणाऱ्या मावसभावाने नवा कॉम्प्युटर घेतला आणि हा मला दिला, तेव्हाच तो म्हातारा झाला होता. त्यावर मी नोकरीचे अर्ज आणि लग्नपत्रिका टाइप करून द्यायचो. पत्रिकेवर गणपतीचं चित्र टाकलं की माऊस जागचा हलायचा नाही.

बाबांना हे दुकान मुळातच मान्य नव्हतं. घरी धानाची शेती, कापणीला माणसं मिळत नाहीत, आणि एकुलता एक मुलगा पेटीला वारा घालत बसलेला. त्या वर्षी धान पोटरीत आला तेव्हा ते म्हणाले, “भारी धान कापाले येतवरी पायतो. तवरी नाई चाललं तं पेटी वापस कर आन विळा धर.” भारी धान सगळ्यात उशिरा, दिवाळीनंतर कापणीला येतो. त्यांनी आवाज चढवला नव्हता. बाबांचा आवाज चढला नाही की समजायचं, गोष्ट पक्की आहे. दुकान उघडून दोन वर्षं झाली होती आणि त्यांनी तिथे पाऊलही टाकलं नव्हतं. निदान माझी तशी समजूत होती. या माणसाला माझं काही बरं झालेलं बघवतच नाही, असं मी मायला तोंडावर म्हणालोही होतो.

दसरा होऊन आठवडा झाला असेल, एका शाळेचे मुख्याध्यापक दुकानात आले. प्रश्नपत्रिकांपासून दाखल्यांपर्यंत शाळेचं सगळं टायपिंग त्यांना एकाच ठिकाणी द्यायचं होतं. हे काम मिळालं असतं तर दुकान तरलं असतं. त्यांनी नमुन्याला एक कागद काढायला सांगितला. फाईल उघडेपर्यंत त्यांचे दोन चहा झाले आणि प्रिंट निघायच्या आधी ते उठले.

“भाऊ, तुमचा हात चांगला हाय, पण मशीन थकली,” ते म्हणाले. “दिवाळीच्या सुट्ट्या झाल्या की येतो. तवरी सुधरवा.”

मी एसटीडी बूथवरून मावसभावाला फोन लावला. तो म्हणाला, रॅम कमी आहे, आणखी एक पट्टी टाक, दुसरी खाच रिकामीच आहे. रॅम म्हणजे कॉम्प्युटरला कामाचे कागद पसरायला लागणारी जागा, एवढंही त्याने समजावलं. पण पट्ट्यांचे प्रकार असतात, तुझी कोणती ते बघून घे, असं म्हणून त्याने फोन ठेवला. आता ते मला कसं कळणार? मी जुनी पट्टी उपसली, वहीच्या कागदावर ठेवली आणि तिच्या कडेने पेन्सिल फिरवली. मायच्या चपला आणायच्या तर आम्ही तिच्या पावलाचं माप असंच न्यायचो. तो कागद घडी करून खिशात घातला आणि एसटीने गडचिरोली गाठली.

पार्टवाला दुकानदार कागद बघून पोट धरून हसला. शेजारच्या दुकानदारालाही त्याने बोलावून दाखवलं. मग त्याने खालच्या काठावरचे दोन काप नीट बघितले आणि बरोबर तशीच पट्टी काढून दिली. येताना बसमध्ये मी ती अंड्यासारखी मांडीवर धरून बसलो होतो.

दुकानात येऊन रिकाम्या खाचेत पट्टी दाबली आणि बटण दाबलं. पडदा काळा. आतून लांबलचक किंचाळी, थांबून पुन्हा किंचाळी. नवी काढली, गप्प, सगळं पूर्ववत. जुनी काढून तिच्या जागी नवी बसवली, तरी झकास चालू. दोन्ही लावल्या की बोंब. एकेकट्या दोघीही शहाण्या, सोबत आल्या की भांडण. माझं डोकंच चालेना.

दुकानदाराने मला फसवलं, याविषयी माझ्या मनात शंका उरली नाही. दुसऱ्या दिवशी दोन्ही पट्ट्या घेऊन, बसमध्ये मनातल्या मनात त्याला शिव्या घालत, मी पुन्हा गडचिरोलीला गेलो. त्याने माझ्यासमोर दोन्ही पट्ट्या त्याच्या मशीनमध्ये लावल्या. सुरळीत चालल्या. त्याने खोडरबरने त्यांच्या काठावरचे धातूचे पिवळे दात घासून दिले आणि म्हणाला, “भाऊ, तुमच्याकडची लाईनच कमजोर असन.” नाचता येईना अंगण वाकडं, असं मी त्याला सुनावलं. पण नाचता कोणाला येत नव्हतं, ते परत येताना मला नक्की सांगता येईना. दुकानात पुन्हा तीच किंचाळी.

दिवाळी आली, गेली. भारी धान पिवळा पडला. शाळा उघडायला दोन दिवस उरले होते. दुपारी मी पेटीसमोर नुसता बसलो होतो, तेवढ्यात दारात सावली पडली. बघतो तर बाबा, हातात जेवणाचा डबा. विळा धर म्हणायलाच आले असणार, असं वाटून माझं डोकं भडकलं.

“मीच येऊन राह्यलो उद्या बांधीवर कापाले,” मी म्हणालो. “बोलावू नका.”

त्यांनी डबा ठेवला आणि विचारलं, “का झालं त्याले?”

मी वैतागून सगळं सांगितलं. जुनी चालते, नवी चालते, दोन्ही मिळून चालत नाहीत. त्यांनी एकच विचारलं, “जुनी त्या दुसऱ्या अंगाले लावून पायली का?”

नव्हती पाहिली. इतक्या दिवसांत एकदाही नाही.

“दोनी बैल एका अंगाले बराबर चालते, मंग खोट बैलात काऊन पाह्यते? जू पाय.”

त्यांनी माझ्या हातून टॉर्च घेतली, पेटीवर वाकले आणि बराच वेळ त्या रिकाम्या खाचेत बघत राहिले. मग करदोड्याला बांधलेला काटा काढायचा चिमटा सोडला. त्या चिमट्याने त्यांनी जन्मभर माझ्या पायातले काटे काढले होते. खाचेतून त्यांनी अलगद काहीतरी उचललं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. तांदळाचा तुकडा होता, हळदीने पिवळा झालेला.

मी दोन वेळा गडचिरोलीला जाऊन आलो होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हाच.

“ही अक्षत कुठून आली?”

“दसऱ्याले आलतो मी,” बाबा चिमटा पुसत म्हणाले. “तू चहा प्याले गेलता. नांगराची केली, कुराडीची केली. हे बी अवजारच हाय न.”

मी तो दाणा टेबलावर ठेवला. त्यांनी नवी पट्टी दाबली नाही, ते काम माझ्याकडे सरकवलं. मी ती बसवली आणि बटण दाबलं. किंचाळी नाही. पडद्यावर रॅमचा आकडा दुप्पट आला आणि पत्रिकेवरचा गणपती मी म्हणेन तिकडे सरकू लागला. बाबांनी तो सरकताना पाहिला. डबा रिकामा होईपर्यंत थांबले आणि उद्या ये, नको येऊ, काहीही न म्हणता निघून गेले. दोन दिवसांनी मुख्याध्यापक आले आणि शाळेचं काम मला मिळालं.

बाबांचं मला आजही कळत नाही. मी शेतावर यावं म्हणून मुदत घालणारे तेच, आणि मागच्या मागे माझ्या पेटीची पूजा करून जाणारेही तेच. त्या दुपारी ते गप्प राहिले असते तर मी दुसऱ्या दिवशी बांधीवर होतो. ते त्यांना माझ्याहून चांगलं कळत होतं. तरी चिमटा त्यांनीच सोडला.

पुढच्या दसऱ्याला घरी पूजा मांडली तेव्हा नांगर, कुऱ्हाड आणि दोनाऐवजी एकच विळा होता. माझा कुठे गेला, असं मी विचारलं.

“मजुराले देल्ला,” बाबा म्हणाले.

मग ते पूजेचं ताट घेऊन माझ्याबरोबर दुकानावर आले. दारातच थांबले, चपला काढल्या आणि अक्षता मुठीत धरून म्हणाले, “झाकन लाव आधी.”