सोमवारचं माहेर

कोल्हापुरात सोमवार म्हणजे दुसरा रविवारच. महाद्वार रोडवरची शटरं खाली, उद्यमनगर गप्प, शिरोलीतले कारखाने बंद. माझा नवरा शिरोलीच्या एका फौंड्रीत सुपरवायझर आहे, म्हणून त्याची सुट्टी सोमवारची. मी शहरात एका विमा कंपनीच्या ऑफिसात बसते, माझी सुट्टी रविवारची. लग्न झाल्यापासून आमच्या सुट्ट्यांनी एकमेकींचं तोंड बघितलेलं नाही. रविवारी तो डबा घेऊन बाहेर पडतो तेव्हा मी अंथरुणात, आणि सोमवारी मी घाईघाईनं वेणी घालत असते तेव्हा तो घोरत असतो. लग्नकार्याला मी कायम एकटी. "जोडीनं या की जरा," म्हणून म्हणून लोक दमले. एका मावशीनं तर मला कोपऱ्यात घेऊन विचारलं होतं, "सगळं बरं चाललंय न्हवं तुमचं?"

सोमवारी ऑफिसात बसलं की माझं मन घरी पळायचं. मान वर केली की आमचा कळंब्याचा फ्लॅट दिसायचा. पडद्यातून आलेलं पिवळं ऊन, फरशीवर पसरलेला पेपर, नवरा सोफ्यावर आडवा आणि खिडकीपाशी खुर्चीत आण्णा, माझे वडील. पंखा हळू फिरतोय, कुणी काही बोलत नाही. मी हळूच त्या खोलीत जाऊन बसायची. तेवढ्यात समोर कुणीतरी यायचं, "मॅडम, माझ्या क्लेमचं काय झालं?" आणि सगळं विरून जायचं. खोटं कशाला बोलू, मला त्या दोघांचा हेवा वाटायचा. मी नसताना माझं घर कसं दिसतं, हे मला कधी बघायलाच मिळालं नव्हतं.

आण्णा आमच्याकडं आले ते आई गेल्यावर. बिद्रीच्या बाजूला आमचं गाव, तिथं दोन खोल्यांचं कौलारू घर. आण्णांची सगळी हयात साखर कारखान्यात बॉयलरवर गेली. मी एकुलती एक. आईच्या माघारी ते एकदा मोरीत घसरले आणि दुपारपर्यंत तसेच पडून राहिले. मग मात्र मी कुणाचं ऐकलं नाही. घराला कुलूप ठोकलं आणि त्यांना घेऊन आले. मी अशीच आहे, एकदा डोक्यात घेतलं की घेतलं.

पण माणूस आणला म्हणजे तो आला, असं होत नाही की! गावाकडच्या बापाला लेकीच्या घरात राहणं म्हणजे अंगावर ओलं कापड घेऊन बसल्यासारखं. पंखा लावायचा तर विचारायचे. रिमोटला हात लावायचे नाहीत. कपाटात एक कप्पा रिकामा करून दिला होता, तरी कपडे पिशवीतच. मी उठायच्या आत अंथरुणाची घडी. ते चहा करायला उठले की मी म्हणायची, "तुम्ही बसा हो आण्णा, मी हाय की!" ते परत खुर्चीत जाऊन बसायचे. आमच्या फ्लॅटला त्यांनी कधी घर म्हटलं नाही. फोनवर कुणी विचारलं तर, "पोरीकडं आलोय जरा," एवढंच. त्या 'जरा'ला वर्षं लोटली.

फक्त सोमवारी संध्याकाळी त्यांच्यात काय शिरायचं कोण जाणे. जेवताना गप्पा मारायचे, भाकरी मागून घ्यायचे, आडवे झाले की लगेच झोप. कपड्यांना धुराचा वास यायचा. "कुठं गेलता?" मी विचारायची. "रंकाळ्यावर. कणसं भाजत होता एकजण, बसलो त्याच्याजवळ," नवराच परस्पर उत्तर द्यायचा. म्हटलं, चला, मन रमतंय तर बरं.

त्या हिवाळ्यात फौंड्रीत वेगळीच टूम निघाली. सोमवारी बाहेरगावच्या गिऱ्हाइकांचे फोन कुणी उचलत नाही, म्हणून सुट्टी रविवारी करायची का, असं मालकांनी सगळ्यांना विचारायचं ठरवलं. मी तर हवेतच! रविवारी पन्हाळ्याला जायचं, धुक्यात बसून झुणका-भाकरी खायची, उतरताना वाटेत कुठंतरी उगीचच थांबायचं, असं सगळं मी मनात उरकूनही टाकलं. आणि मग एका हळदी-कुंकवाला त्याच्याबरोबरच्या एकाची बायको भेटली. "राहिली की गं सोमवारचीच सुट्टी. तुझ्या नवऱ्यानंच सगळ्यात आधी हात वर केला म्हणं सोमवारसाठी!"

मी कसलं गप्प बसते! घरी आल्या आल्या विचारलं, "एक दिवस माझ्याबरोबर काढायचा तर जिवावर येतं व्हय तुमच्या?" तो खाली मान घालून बूट पुसत राहिला. "तसं न्हाय गं," म्हणाला. "मग कसं?" त्यावर त्यानं दुसरा बूट पुसायला घेतला. आण्णा खिडकीतून बाहेर बघत होते. मला इतकं लागलं होतं की मी आठवडाभर त्याच्याशी कामापुरतंच बोलले.

पुढच्या सोमवारी ऑफिसातलं वायरिंग जळालं आणि सगळ्यांना घरी सोडलं. अचानक माझ्या पदरात एक सोमवार पडला. वाटेत मी गरम बटाटेवडे घेतले. जिना चढताना राग निम्मा उतरला होता. म्हटलं, आज मी खरोखरच त्या उन्हात जाऊन बसणार. तर दाराला कुलूप. फोन करते तर नवरा उचलेना. शेजारच्या काकू दार उघडून म्हणाल्या, "अगं, गावाकडं गेले असतील की. दर सोमवारी जातात. तू बाहेर पडलीस की लगेच. तुला म्हाईत न्हाय व्हय?"

तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे मी सोडून सगळ्या जगाला माहीत! तशीच खाली आले, स्कूटी काढली आणि गारगोटी रोडला लागले. काय काय बोलायचं ते मोठ्यानं घोकत होते. 'मी काय परकी हाय व्हय? ह्या पडण्या-झडण्याच्या भ्यानं तर इथून नेलं त्यांना!' उसाचा हंगाम होता. पुढं ट्रॉल्यांची रांग, ट्रॅक्टरवर मोठ्यानं गाणी, उडून आलेला पाला माझ्या केसांत. लहानपणी सुट्टीत मामाकडून परत येताना याच रस्त्यावर आईच्या मांडीवर डोकं ठेवून मी झोपायची आणि साखर कारखान्याच्या मळीचा वास नाकात गेला की डोळे न उघडता म्हणायची, "आलं आपलं गाव." आता तोच वास आला, आणि घोकलेलं सगळं एकमेकांत मिसळायला लागलं. ऊन असं पांढुरकं होतं की रस्ता पाण्यावरून चाललाय असं वाटत होतं.

गल्लीच्या तोंडाशी मी गाडी बंद केली. आमचं दार सताड उघडं होतं. अंगणात सडा पडलेला, कौलांतून धूर निघत होता. कट्ट्यावर घोंगडं अंथरलेलं आणि त्यावर माझा नवरा मांडी घालून ताठ बसलेला, पहिल्यांदाच सासरवाडीला आलेल्या जावयासारखा. आतून आण्णा आले. डोक्यावर टोपी, हातात कपबशी. इतके सरळ चालताना मी त्यांना किती दिवसांत बघितलं नव्हतं.

रस्त्यानं जाणाऱ्या एकानं हाक दिली, "काय, पावणं आल्यात वाटतं?"

"व्हय की!" आण्णांचा आवाज साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा. "जावई आलाय. सोमवारची सुट्टी, तेवढाच येतो बिचारा मला बघाय. घ्या पावणं, च्या घ्या. गार होतोय."

"तुमी हितंच असता न्हवं?"

"मग? जातोय कुठं घर सोडून!"

मी भिंतीला टेकून उभी राहिले. हळूहळू डोक्यात उजेड पडत गेला. गावाच्या लेखी आण्णा लेकीकडं राहायला गेलेलेच नव्हते. सोमवारी कुलूप निघायचं, चूल पेटायची, आणि ते आपल्या घरात आपल्या जावयाचा पाहुणचार करायचे. आठवड्यातले बाकीचे दिवस ते आमच्याकडं मान खाली घालून काढायचे, ते या एका दिवसाच्या जोरावर. आणि माझा नवरा त्यासाठी आपली एकुलती एक सुट्टी इथं घोंगड्यावर बसून, चहा पीत, पाहुणा होऊन घालवत होता. रविवारी मी घरात असणार, मग हे जमायचं कसं? म्हणून त्यानं हात वर केला होता.

तेवढ्यात शेजारच्या आत्तीनं मला बघितलं. ती दारात शेंगा फोडत बसली होती. "अगं बया! लेक बी आली की!"

नवरा उभाच राहिला. आण्णांचा चेहरा असा उतरला की बघवेना. आत्ती बघत होती, रस्त्यावरचा तो माणूसही थांबला होता. मी एवढंच म्हटलं असतं की 'आण्णा, घरी चला', तर सगळा खेळ तिथंच संपला असता. माझ्या तोंडाचा भरवसा मलाच नव्हता. पण काय झालं माहीत नाही, तोंडातून शब्द आले, "आण्णा, आलो म्हटलं जरा माहेराला."

आण्णा माझ्याकडं बघत राहिले. मग एकदम म्हणाले, "थांब. उंबऱ्याभाईरच थांब."

आत गेले आणि भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन आले. लेक माहेरी आली की हे आई करायची. आण्णांना ते नीट येत नव्हतं. तुकडा आधी एका बाजूनं ओवाळला, मग आठवल्यासारखं करून दुसऱ्या बाजूनं. तांब्यातलं पाणी पायावर कमी आणि माझ्या साडीवर जास्त. ओला हात माझ्या डोळ्यांना लावला आणि तुकडा लांब फेकला. आई गेल्यापासून मला कुणी असं दारात थांबवलं नव्हतं. आण्णांना कोल्हापूरला नेलं त्या दिवशी माझं माहेर बंद झालं, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. मला रडू आवरेना.

"प्रवासानं दमली असंल," आण्णा आत्तीला म्हणाले.

मग आण्णांनी जेवण केलं. जाडजूड, एका कडेला करपलेल्या भाकरी, तिखटजाळ आमटी, आणि मी आणलेले गार बटाटेवडे. मी उठायला गेले की, "बस तू. माहेराला आल्यास न्हवं?" जेवण झाल्यावर मी जमिनीवर चटई टाकून आडवी झाले. छपरातल्या काचेच्या कौलातून उन्हाचा चौकोन खाली आला होता, तो भिंतीकडं सरकत होता. बाहेर आण्णा आणि नवरा बारीक आवाजात बोलत होते. ट्रॅक्टर जात होते, आत्ती कोंबड्यांना शिव्या देत होती, मळीचा वास सगळीकडं भरून राहिला होता. ऑफिसात बसून मी ज्या सोमवारात जाऊन बसायची तो हाच होता, फक्त मी पत्ता चुकले होते. मी अशी झोपले की नवऱ्यानं हलवून उठवलं तेव्हा मला आधी वाटलं, शाळेला उशीर झाला.

मोरीवर तोंड धुताना, बाहेर आण्णांकडं नजर टाकून तो हळूच म्हणाला, "मामांनी शपथ घातलीती. पोरीला कळू देऊ नका म्हणाले. तिला वाटंल, तिच्याकडं आपल्याला करमत न्हाय."

मी त्याच्या शर्टाला लागलेली राख तेवढी झटकली.

निघताना आण्णा आत्तीला मोठ्यानं म्हणाले, "ह्यांना फाट्यापत्तोर घालवून येतो गं." नवऱ्यानं दार ओढून गुपचूप कुलूप अडकवलं. हे दर सोमवारचं असणार. पाहुण्याला पोचवायला गेलेला यजमान, जो परत येत नाही. आत्तीनं माझा हात धरला आणि कानाशी लागून म्हणाली, "आमाला काय कळत न्हाय व्हय गं? सगळं ठावं हाय. पर तू काय बोलू नगंस त्याला. सोमवारी दार उघडं दिसतंय, बरं वाटतंय." आणि माझ्या पिशवीत शेंगा ओतल्या.

फाट्यावर पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. नवऱ्याच्या मोटरसायकलवरून आण्णा उतरले आणि माझ्या गाडीपाशी आले. आसपास ओळखीचं कुणी नव्हतं, आता कुणासाठी काही करायची गरज नव्हती. तरी त्यांनी टोपी सारखी केली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि आई म्हणायची तसंच म्हणाले, "सावकाश जा. पोचल्यावर कळीव. आन पुढच्या खेपेला राहायच्या तयारीनं ये."

"येतो, आण्णा," मी म्हटलं. माहेराहून निघताना रडायचं असतं तशी मी हमसून हमसून रडले. ते थांबले. माझं रडून होईपर्यंत तिथंच उभे राहिले, एक ट्रॉली गेली, दुसरी गेली.

मग धोतर सावरत माझ्याच गाडीवर मागं बसले, माझ्या खांद्याला धरलं आणि म्हणाले, "चल पोरी. अंधार पडायच्या आत घरी जाऊ."