वेल्डरच्या गुलमोहराचा पिंजरा

झाडं वाचवणाऱ्या बाईला वस्तीने 'कुऱ्हाड' म्हणावं, हा विनोद कुणी ठरवून केलेला नव्हता. तिचं तोंडच तसं होतं. बागेतल्या झाडावर जाहिरातीची पाटी ठोकायला कुणी खिशातून खिळा काढला की मागून आवाज यायचा, "आधी स्वतःच्या कपाळात ठोकून बघ. दुखलं नाही तर झाडाला ठोक." तोंडावर मात्र सगळे तिला वहिनी म्हणत, कारण तिचा नवरा, वेल्डर, बागेतल्या प्रत्येकाचा दोस्त होता.

वेल्डर गेला तेव्हा लोकांना वाटलं, बाई आता दुकान विकणार, मशीन विकणार आणि भावाच्या दारात जाऊन बसणार. तिने सतराशे साठ जणांचे सल्ले ऐकून घेतले आणि नवऱ्याचा काळ्या काचेचा मुखवटा डोक्याला लावला. काच वेळेवर खाली ओढायची सवय नव्हती, म्हणून पहिल्या काही दिवसांत डोळे असे सुजले की तिला समोरची भिंत दिसेना. तेव्हा उशाशी बसून ओल्या फडक्याच्या घड्या बदलणारी सासूच होती, आणि "कुणी सांगितलं होतं मर्दुमकी करायला?" असं विचारणारीही सासूच. बाईने गेट केली, जिने केले, खिडक्या केल्या. आणि बागेतल्या झाडांचे पिंजरे केले, ते फुकट.

बागेच्या मंडळींत आणखी दहाबारा जण होते. त्यांत मुख्य म्हणजे दवाखान्यातून निवृत्त झालेला कंपाउंडर, जो झाडाच्या जखमांवर माणसाच्या जखमांइतक्याच गंभीर चेहऱ्याने लेप लावायचा. सुट्टीच्या सकाळी सगळे जमत, खोडांतले जुने खिळे उपटत, आळी करत, पाणी घालत. पाटी नाही, वर्गणी नाही, भाषण तर नाहीच. पण रीत होती. ज्याने झाड लावलं किंवा पोसलं, त्याच्या माणसाचा तळहात खोडावर असल्याशिवाय त्या झाडाला हत्यार लावायचं नाही. परक्याला हे थोतांड वाटेल. पण करवत हातात धरणाऱ्याला आवाजच ऐकू येतो, खोडावर हात ठेवणाऱ्याला थरथर कळते, आणि पातं नको तिथे शिरलं की ती थरथर बदलते. म्हणून ही रीत.

दुसरी रीत पिंजऱ्यांची. बाईने केलेल्या प्रत्येक पिंजऱ्याच्या, खोडाभोवती फिरणाऱ्या लोखंडी पट्टीला भोकांची रांग असायची. झाड जाड झालं की पाना घ्यायचा, बोल्ट काढायचा, पुढच्या भोकात बसवायचा. पोट सुटलेल्या माणसाचा कमरपट्टाच म्हणा ना. पानगळीनंतर सगळी मंडळी पाना-बोल्ट घेऊन निघत आणि एकेक झाड सैल करत जात.

एका झाडापाशी मात्र पाना जात नसे. झोपाळ्यांजवळचा गुलमोहर वेल्डरने स्वतः लावला होता. त्याचा पहिला पिंजरा भंगारचोरांनी पळवला, म्हणून दुसऱ्या पिंजऱ्याची पट्टी त्याने मशीन बागेत आणून जागेवरच जोडून टाकली होती. त्यानंतर थोड्याच दिवसांत तापाचं निमित्त होऊन तो गेला. ते त्याच्या हातचं शेवटचं काम. त्याला बोल्ट नव्हता, आणि त्यावर ग्राइंडर फिरवायची कुणाची छाती नव्हती. मग दर वर्षी बाकीच्या झाडांना पाना आणि वेल्डरच्या झाडाला रंग, असं चालू झालं. सासूबाई डबा धरत, कंपाउंडर ब्रश मारत. सगळ्या बागेत सर्वांत जास्त मान त्या झाडाला होता, आणि सगळ्या बागेत तेच एक झाड गळा आवळून उभं होतं.

हे बाईला दिसत नव्हतं का? दिसत होतं. पट्टीच्या वर खोड मानेवर गळू यावं तसं फुगलं होतं. पण त्या पिंजऱ्यापाशी आली की कुऱ्हाडीची धार जायची.

त्या सकाळी उद्यान खात्याचे साहेब ट्रक घेऊनच आले. आदल्या आठवड्याच्या वादळात दुसऱ्या एका बागेत झाड पडून एक बाई जखमी झाली होती. तेव्हापासून खात्याला प्रत्येक झाडात आरोपी दिसत होता. साहेबांनी गुलमोहराभोवती एक फेरी मारली आणि फुगवट्यावर बोट ठेवलं.

"हे जाणार."

"कुठे जाणार?" बाई म्हणाली. "पाय फुटलेत त्याला?"

"बाई, या झाडाला फास बसलाय. जोराचा वारा आला की इथूनच मोडणार. आणि खाली बघा काय आहे."

"झोपाळे आहेत. हलवा."

"झोपाळे आमच्याकडे नाहीत. त्यांचं खातं वेगळं."

"झाड कापायचं खातं बरं लगेच सापडतं!"

कंपाउंडर मध्ये पडला. साहेब माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता. त्याने टोपी काढून डोकं पुसलं. "हे बघा. त्या टोकाचं वाळलेलं झाड आम्ही आधी घेतो. तोवर हे लोखंड सोडवा. पट्टीखालची साल जिवंत निघाली तर मी हे थांबवतो, माझ्या जबाबदारीवर. नाही निघाली, तर मग मला शिव्या घालायच्या नाहीत."

"शिव्यांचं नंतर बघू," म्हणत बाई दुकानाकडे पळाली. मागे बागेच्या टोकाला मशीनची करवत सुरू झाली. आता त्या आवाजावरच सगळं होतं. आवाज चालू आहे तोवर वेळ आहे.

लोखंड कापायचा हॅकसॉ, छिन्नी, हातोडी, पोती, दोर असं सगळं घेऊन ती परतली, तेव्हा सासू पिंजऱ्याला पाठ लावून उभी होती. रोजच्या फेरीला आलेली म्हातारी, पण आज तिने दोन्ही हात मागे नेऊन गज धरले होते.

"आई, बाजूला व्हा."

"नाही व्हायचं."

"झाड कापणार आहेत ते. हे तोडलं नाही तर आत्ता कापतील."

"कापू देत. झाड पुन्हा लावता येतं. त्याच्या हातचं लोखंड मी कुठून आणू?"

"त्याच्या हातचं?" बाईचा आवाज चढला. "अर्धी वस्ती त्याने केलेल्या खिडक्यांतून बाहेर बघते! गेट आहेत, जिने आहेत..."

"ते विकलेलं आहे. हे तेवढं त्याने कुणाला विकलं नाही."

लांबच्या करवतीचा आवाज खोल गेला. बुंध्यात शिरली असणार. बाईला तो आवाज दातांत जाणवला, आणि जीभ सुटली.

"मग बसा कवटाळून! धरून ठेवायचं एवढंच येतं तुम्हाला. ताप चढला तेव्हाही घरातच धरून बसलात, उतरेल उतरेल म्हणत!"

कंपाउंडरच्या हातातली पाण्याची बादली हिंदकळली. "वहिनी, जीभ आवरा."

म्हातारीने गज सोडले नाहीत. हलली पण नाही. बाईला तिच्याकडे बघवेना. हातांना काहीतरी काम हवं होतं, म्हणून ती पिंजऱ्याच्या पलीकडच्या बाजूला गेली, गुडघ्यांवर बसली आणि पट्टीचा जोड कुठे आहे ते बघायला छिन्नीने रंग खरवडू लागली. वरचा हिरवा निघाला, त्याखाली निळा, मग पुन्हा हिरवा. वर्षांवर वर्षं पापुद्र्यांसारखी गळून पडत होती. सगळ्यात खाली तांबडा मूळ रंग आला, आणि त्याखाली जोड.

छिन्नी थांबली.

तिने अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. मग पिंजऱ्याच्या कडेने हात लांबवून सासूच्या पदराला ओढ दिली.

"आई, इकडे या. बोट लावा इथे."

"कशाला?"

"लावा तर!"

तरुणपणी या म्हातारीने दुकानात हातोडीने जोडांवरची जळकी पापडी पाडली होती, मुलगा काम शिकत होता त्या दिवसांत. तिची बोटं लोखंड वाचायची. गज सोडायचे नव्हते, पण बोटांना राहवेना. ती वळली, वाकली, आणि जोडावर बोट ठेवलं.

"टाका आहे," ती म्हणाली.

"वर आणि खाली, दोनच टाके. भर नाही."

"घाईत असेल."

"तुमचा मुलगा? स्टुलाचा पाय चारी बाजूंनी भरल्याशिवाय गिऱ्हाईकाला देत नव्हता!"

हे दोघींनाही माहीत होतं. टाका म्हणजे तात्पुरतं. काम नीट बसतंय का बघायला मारायचा, नंतर एक तर पूर्ण भरायचं, नाही तर फोडून मोकळं करायचं. नुसत्या टाक्यावरचं काम वेल्डर दुकानाचा उंबरा ओलांडू देत नसे. यावरून बापाशी भांडला होता तो.

म्हातारी बराच वेळ जोड चाचपत राहिली.

"म्हणजे परत येऊन सोडवणार होता," ती शेवटी म्हणाली. "आणि आपण मेले रंग लावत बसलो."

त्याच वेळी टोकाच्या करवतीचा आवाज बंद पडला.

बाईने पोती भिजवून खोडाला गुंडाळली. ग्राइंडर तिने आणलाच नव्हता. ठिणग्यांनी उरलीसुरली साल भाजली असती. कंपाउंडरने पट्टीला दोर बांधून तो पिंजऱ्याच्या गजाला आवळला, कारण इतकी वर्षं दाबलेलं लोखंड तुटताना फणा काढतं. म्हातारीने चप्पल काढली, दोन्ही तळहात खोडावर टेकले आणि म्हणाली, "चालव."

पातं चालू झालं. मागून ट्रक झोपाळ्यांपर्यंत आला. करवतवाला मशीन घुरघुरत ठेवूनच खाली उतरला.

"मावशी, बाजूला व्हा, लागेल तुम्हाला."

"तू आधी ते मशीन बंद कर. हाताला कळत नाही काही."

त्याने साहेबांकडे बघितलं. साहेबांनी मान हलवली. घुरघुर थांबली आणि बागेत फक्त हॅकसॉचा किरकिरा आवाज उरला. वरचा टाका तुटला. खालचा सालीत अर्धा बुडाला होता. बाई घामाने निथळत होती, पातं तिरकं चाललं होतं.

"थांब!" म्हातारी ओरडली. "लाकडाला लागतंय."

बाईने पातं काढलं, कोन बदलला. पुन्हा चार ओढी. पातं कडकन मोडलं. दुसरं लावताना तिची बोटं नटवर घसरत होती. करवतवाल्याने न सांगता खाली बसून नट आवळून दिला आणि परत मागे जाऊन उभा राहिला.

"आता?"

"आता लोखंडच आहे. चालव."

मग बंदुकीसारखा आवाज झाला. दोर ताणला, पट्टीचं टोक उसळलं आणि बाईचा हात कोपरापासून मनगटापर्यंत ओरखडत गेलं. ती मागे पडली. म्हातारीचे हात खोडावरून निघाले नाहीत.

"सैल झालं," ती म्हणाली. "आतून हाललं."

पट्टी पुढच्या बाजूने सुटली होती. मागच्या बाजूला झाडाने ती गिळलेली होती, तिथे दोन्हीकडून सालीलगत कापली. उघड्या खाचेत साहेबांनी खिशातला चाकू टेकवला. तपकिरी. बोटभर सरकून पुन्हा टेकवला. तपकिरी, कोरडं, भुशासारखं. त्याने बाईकडे बघितलं आणि नजर खाली वळवली. करवतवाल्याने मशीन उचललं.

"तिथे काय खुपसताय?" म्हातारी म्हणाली. "ती झोपाळ्यांची बाजू आहे, तिकडे आवळलेलं होतं. मी हात ठेवलाय तिकडून बघा."

साहेब वळसा घालून पलीकडे गेला. चाकूचं टोक लागलं आणि सालीतून पाणी पाझरलं. आत हिरवं होतं. आणखी पुढे, तिथेही हिरवं. पुढे पुन्हा तपकिरी. त्याने चाकू मिटला, उघडला, परत मिटला.

"अर्धं आहे," तो म्हणाला.

"अर्ध्यावर माणसं जगतात," बाई जमिनीवर बसूनच म्हणाली. "मला बघा."

"झोपाळ्यांकडच्या फांद्या आज उतरवायच्या. सगळा भार कमी करायचा. झोपाळ्यांसाठी मी त्या खात्याला कळवतो."

"कळवता की हलवता?"

साहेबाला हसू आलं, पण ते त्याने गिळलं. "आज दोरी बांधून बंद करतो. पण पुढच्या पालवीला मी येणार. या बाजूला पान फुटलं नाही, तर तेव्हा अडवायचं नाही."

बाईला 'नाही' म्हणायचं होतं. सवयच होती. तिने त्या तपकिरी खाचेकडे बघितलं आणि म्हणाली, "नाही अडवणार."

ट्रक फांद्या घेऊन गेला. गुलमोहर एका अंगाने बोडका, एका अंगाने हिरवा उभा राहिला. अर्धवट दाढी झालेल्या माणसासारखा. कंपाउंडर खाचेत लेप भरत होता.

"आत राहिलेला तुकडा?" म्हातारीने विचारलं.

"तो निघत नाही. काढायला गेलो तर झाड जाईल."

म्हातारीने मान हलवली. खाली पडलेल्या पट्टीचे तुकडे तिने गोळा केले, टाक्याचा तुकडा वेगळा पदराला पुसला.

"हे दुकानात ठेवते. काम अर्धं आहे त्याचं. झाडाने पालवी धरली, की याच पट्टीला भोकं पाड आणि बोल्टचा पिंजरा कर. मोठा कर."

"करते." बाई काहीतरी आणखी बोलायला गेली. "आई, मघाशी मी..."

"मघाशी बोललीस ते घरी बघू. इथे लोक आहेत." म्हातारीने तिचा हात पकडून वर धरला. "आधी हे बांधून घे. रक्त पट्टीवर सांडतंय, गंजेल ती."