सर्व्हरच्या खोलीतली पानं

प्रफुल्ल चुरींच्या कार्डावर ‘तंत्रज्ञान संचालक’ असं छापलेलं आहे. माहीम, माकुणसार आणि सफाळे अशा तीन गावांतल्या तीन शाळा, एकशे बारा कॉम्प्युटर, आणि या साऱ्या पसाऱ्याचा संचालक एकटा, तोही स्कूटरवर. गावात त्यांना कोणी संचालक म्हणत नाही. ते ‘वायरवाले सर’. लग्नाला गेले तर हातात अक्षता पडायच्या आधी माईक पडतो. “सर, जरा खरखरतोय हो.”

सरांची त्याबद्दल तक्रार नव्हती. वीस वर्षांच्या नोकरीत त्यांना एक गोष्ट पक्की कळली होती. यंत्र बिघडलं की माणूस आधी घरच्यांवर चिडतो, मग यंत्राला दोन चापट्या मारतो आणि मग सरांना फोन करतो. म्हणून सर फोनवर पहिल्यांदा “चहा झाला का?” एवढंच विचारत. निम्मे कॉम्प्युटर तेवढ्या वेळात आपसूक सुरू होत.

या मार्चात मात्र चहाची मात्रा चालेना. तिन्ही शाळांचा सर्व्हर माहीमच्या शाळेत, वरच्या मजल्यावरच्या एसीच्या खोलीत होता. तो दर बुधवारी आणि शनिवारी सकाळी आडवा व्हायला लागला.

“सर, पडला!” सफाळ्याच्या शाळेतल्या स्वातीबाई फोनवर ओरडल्या. “मुलांची परीक्षा अर्ध्यात अडकलीय.”

“मुलं घाबरलीत का?”

“घाबरतात कसली? टाळ्या वाजवतायत!”

तिन्ही शाळा चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष बळवंतकाका. माहीमचे जुने बागायतदार, विड्याच्या पानांची मोठी बाग. त्यांनी सरांना बोलावून घेतलं. “हे बघ प्रफुल्ल, मंगळवारी संध्याकाळी सहाला सभा हाय. बोईसरची एक कंपनी कॉम्प्युटरचं सगळं काम घ्यायला तयार हाय. कारण सापडलं तर सांग, नायतर तुझी जागाच बंद करू. वाईट नको वाटून घेऊ.”

वाईट वाटून न घेता सर घरी गेले. सत्तेचाळिसाव्या वर्षी दुसरी नोकरी कोण देणार? बायको म्हणाली, “वाडीत काम कराल म्हणावं, तर तुमी मागच्या वेळी गवत समजून मिरचीची रोपं उपटलीत.”

सरांनी सर्व्हरच्या खोलीत एक छोटं यंत्र लावलं. तापमान वाढलं की मोबाईलवर खबर. मंगळवारी पाचला मोबाईल किंचाळला आणि सर दोन-दोन पायऱ्या गाळत वर धावले.

दार उघडलं तर आत चौदा करंड्या, काठोकाठ विड्याच्या पानांनी भरलेल्या. मधोमध स्टुलावर खुद्द बळवंतकाका.

“दार लाव आधी! गरम हवा येते.”

“काका, हे काय?”

“पानं. उद्या सकाळच्या गाडीला जायची हायत. उन्हात काळी पडतात बिचारी.”

“आणि सर्व्हरवर ओलं गोणपाट कशाला?”

“त्याच्या अंगातनं गरम वाफ येते रे, थेट पानांवर. म्हणून दर मंगळवारी न् शुक्रवारी रात्रभर झाकून ठेवतो.”

“काका, तो गुदमरतो त्याच्यानं!”

“कोण?”

“सर्व्हर!”

“मग आधी नाय सांगायचं?”

सरांनी गोणपाट ओढून काढलं आणि सरळ विचारलं, “आता सभेत काय सांगू?”

“खरं सांगितलंस तर माझी लाज जाते. नाय सांगितलंस तर तुझी जागा जाते.” काकांनी एक पान उलटंपालटं करून पाहिलं. “अवघड हाय.”

सभेला कार्यकारिणीचे सातही जण जमले. सरांनी भिंतीवर आलेख दाखवला. पाच वाजता रेघ ताडासारखी वर गेलेली. “सर्व्हरवर... कोणीतरी... गोणपाट झाकत होतं,” ते म्हणाले. नाव ओठांवर येऊन थांबलं.

“कोणी?” चिटणीस माईंनी विचारलं. माई म्हणजे काकांच्या पत्नी. त्यांनी पुन्हा आलेखाकडे पाहिलं आणि मग काकांकडे. “अहो, मंगळवारी पाचला तुम्हीच तर पानं घेऊन शाळेकडे येता!”

सभागृह पेटलं. पण सर्व्हरसाठी नव्हे.

“बळवंत, एसीत पानं ठेवतोस आणि आमाला सांगत नायस?” बाकीच्या पाचही जणांच्या पानांच्या बागा होत्या. “आमची पानं उन्हात करपतात, आणि अध्यक्ष गारेगार!”

अर्धा तास तेच चाललं. सर्व्हरची कोणाला आठवणही नव्हती. शेवटी एकाने विचारलं, “वायरवाले सर, पानांना किती गारवा मानवतो? बोईसरवाल्यांना हे ठाऊक असेल काय?”

सरांना आपला जीव भांड्यात पडल्याचं ऐकू आलं. “मोजून सांगतो,” ते म्हणाले. “पण शाळेत नाही. सर्व्हरच्या खोलीत यापुढे एक पान येणार नाही, हे आत्ता लिहून घ्या. मग मी राहतो.”

“लिहा,” काका खाली मान घालून म्हणाले. “जागा राहू दे त्याची. पण माझी पानं ठेवू कुठं?”

“आपल्या बेडरूममध्ये एसी हाय की,” माई म्हणाल्या. “तसेही तुम्ही ओटीवरच झोपता.”

ठराव एकमताने मंजूर झाला आणि लगेच अंमलातही आला. चौदा करंड्या जिन्यावरून खाली निघाल्या. अख्खी कार्यकारिणी रांगेत, सर सर्वांत पुढे, एक करंडी खांद्यावर. काका मागून ओरडत होते, “हळू रे, देठ मोडतील!”

“सर,” मागच्याने विचारलं, “तुमचं ते यंत्र काकांच्या बेडरूममध्ये लावलं, तर तिथली खबर आमच्या मोबाईलवर दिसेल काय?”

“दिसेल की,” सर उत्साहानं म्हणाले. “घडीघडीची.”

“खबरदार!” माई जिन्यावरच थांबल्या.