आबांची नोंद

बारामतीच्या विमानतळावर विमानांची कागदपत्रं सांभाळणाऱ्या माणसाला आम्ही आबा म्हणतो. विमान समोर उभं असलं तरी आबा रजिस्टरातच पाहतात. कुठल्या विमानात कुठल्या नंबरची वस्तू बसवलीय, ते त्यात लिहिलेलं असतं. पणदरे गावाहून ते ज्या मोटारसायकलवर येतात, तिचा दिवा मात्र सुतळीनं बांधलेला.

मी नंदुरबारकडचा, आठवीत शाळा सोडलेला. इथं विमानं पुसतो. एकदा पुसायला काढलेले दोन विमानांतले आग विझवायचे सिलिंडर माझ्या हातून अदलाबदल झाले. दोन्ही दिसायला सारखेच. नोकरी जाईल हे दिसत होतं, तरी आबांना सांगितलं. आबांनी दोन्ही विमानं थांबवली.

साहेब तापले. "सिलिंडर सगळे सारखेच, विमानं कशाला थांबवली? या पोराला कामावरून काढून टाका."

आबांनी मान वर केली नाही. "काढा की, साहेब. पन उद्या चूक झाली तर सांगायला कोन येनार?"

साहेब निघून गेले. आबांनी सिलिंडर आपापल्या जागी लावून घेतले, माझी चूक माझ्या नावानिशी लिहिली आणि सही मागितली. सही चौकटीबाहेर गेली. आबांनी त्याचीही नोंद केली आणि तिच्याखाली आणखी एक सही घेतली.

संध्याकाळी आबांनी किक मारली आणि दिवा लोंबकळला.

"आबा, याची नोंद कुठं करायची?"

"ही काय उडती व्हय? बांध."

मी बांधला. गाठ दोनदा ओढून पाहिली.