जनरल डब्याचा उशीर

आईने पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडलंही नव्हतं. तेवढ्यात वाटप करणाऱ्या पोऱ्याने ती तिच्या हातातून हिसकावून घेतली.

"अम्मा, इदु उंगळुक्कु इल्लै."

तुमच्यासाठी नाही. आईला तमिळ येत नाही. पण हे वाक्य तिला कुठल्याही भाषेत कळतं. जन्मभर ऐकलंय. तिने हात जोडले, चोरी पकडली गेल्यासारखे.

चेन्नईतलं स्टेशन. भर दुपार. पुढे कुठेतरी विजेची तार तुटली होती आणि दोन गाड्या तासन् तास खोळंबल्या होत्या. फलाटाच्या एका बाजूला महागडी एसी गाडी. दुसऱ्या बाजूला आमची, सोलापूरवरून जाणारी. आई माझ्याकडून गावी परत निघालेली, मी तिला सोडायला आलेले. तिचं तिकीट जनरलचं. तार एकच, उशीर एकच. पण एसीवाल्यांसाठी टेबल मांडलेलं. पाणी, ताक, जेवणाचे डबे, वर माफी. आमच्या बाजूचा नळ कोरडा. आईला वाटलं, सगळ्यांसाठीच असेल.

टेबलाशी एसी गाडीतले एक गृहस्थ उभे होते. गळ्यात कंपनीचं कार्ड. ते मराठीत बोलले तेव्हा मला क्षणभर बरं वाटलं. क्षणभरच.

"मावशी, हे फुकट वाटत नाहीयेत. आमच्या गाडीला उशीर झाला ना, त्याची भरपाई आहे ही."

"आमच्या गाडीलाबी झालाय की," आई म्हणाली.

ते हसले. "तुम्हाला कसली आलीय घाई?"

मग उदार झाले. स्वतःचा डबा पुढे केला. भात चिवडलेला. "घ्या. मला तसाही जात नाहीये."

आईचा हात पुढे गेला. भूक होती, उन्हात बसून डोळे पांढरे व्हायची वेळ आली होती. तो हात मी मनगटाशी धरला.

"साहेब, माझी आई ग्रामपंचायतीची सदस्य आहे. उद्या सभा आहे. आमच्या वस्तीला नळाची लाइन द्यायची की वरच्या आळीला, ते ठरणार आहे. आता सांगा, घाई कुणाला? तुमचं उष्टं तुमच्यापाशी ठेवा."

त्यांनी फोन कानाला लावला. फोन वाजलाच नव्हता.

"ऱ्हाऊ दे गं," आई कुजबुजली. "लोकं बघत्यात."

"बघू देत."

मी इथेच चेन्नईजवळ ओरगडमला ट्रकच्या कारखान्यात लाइनवर काम करते. तमिळ तिथेच शिकले, शिव्यांसकट. आईला सावलीत बसवून तशीच स्टेशनच्या ऑफिसात गेले. पंख्याखाली एक साहेब बसले होते. विचारलं, आमच्या उशिराचं काय?

"प्रवास रद्द करा. तिकिटाचे पैसे परत मिळतील."

"आणि घरी कसं जायचं?"

"ते तुम्ही बघा."

वा. जो गेलाच नाही, त्याला पैसे परत. जो दिवसभर भाजून निघाला आणि तरी उभ्याने गेला, त्याचं म्हणे नुकसानच नाही! असला नियम करायला माणसाला किती शिकावं लागत असेल?

मी खुर्ची ओढून समोर बसले. साहेब माझ्याकडे नाही, खुर्चीकडे बघत राहिले. जणू ती विटाळली. म्हटलं, गाडी किती उशिरा सुटतेय ते लिहून द्या, शिक्का मारा, मगच उठते. कुरकुरले. पण दिलं.

आई गावी पोचली तेव्हा सभा उठून गेली होती. एका मताच्या फरकाने लाइन वरच्या आळीला वळली. तिथे दारोदार विहिरी आहेत. आमच्या बाया अजून टँकरमागे धावतात.

मी आईच्या नावाने ग्राहक आयोगात तक्रार लावली. पहिल्या तारखेला रेल्वेचे वकीलसाहेब गालातल्या गालात हसत म्हणाले, "जनरल डब्यातल्या प्रवाशाचं असं काय मोठं नुकसान होणार?" आणि बाहेर व्हरांड्यात हळूच, "थोडंफार घ्या आणि मिटवून टाका."

पुन्हा एक चिवडलेला डबा. फक्त हात बदलला होता.

आईला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "त्याला म्हणावं, पुढल्या तारखेला मी येते. वस्तीतल्या चार बाया बी आणते. नुकसान काय झालं ते आमच्या तोंडून ऐक."

सुपरवायझर म्हणतो, परत रजा घेतलीस तर गेटवरूनच परत पाठवीन. पाठव. हात आहेत, दुसरा कारखाना बघीन. इथे हरलो तर वरच्या आयोगात जाऊ. मिटवणार नाही. एकही तारीख सोडणार नाही.