शहागडची अर्धी राहिलेली भिंत

जेसीबी नदीकाठी येऊन उभा होता आणि त्याचा ड्रायव्हर माझ्या सहीची वाट बघत चहा पीत होता. माझा रिपोर्ट मिळाला की भिंत पाडायची, इतकं सगळं ठरलेलं. मी फक्त तपासणीचं नाटक करायचं होतं. नाटकात काम करायची मला सवय नाही.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. बांधकाम उभं राहील की पडेल, हे सांगणं माझा धंदा. तेव्हा जालन्यात बोराडे सरांच्या फर्ममध्ये नोकरीला होते. शहागडला गोदावरीच्या काठावर एक दगडी मोर्चा आहे, म्हणजे आडोशाने गोळ्या झाडायची तटबंदी. निजामाच्या राज्याच्या शेवटच्या दिवसांत, लढाई येणार म्हणून फौजेने तो बांधायला घेतला, असं गावात सांगतात. लढाई लवकर आटोपली आणि काम अर्ध्यावर राहिलं. छप्पर नाहीच. नदीच्या बाजूची लांबलचक जाड भिंत तेवढी उभी आहे, आणि तिच्यात बंदुकीची नळी बाहेर काढायला ठेवलेल्या फटी. त्यांना जंग्या म्हणतात.

भिंतीच्या एका टोकाला मिसाळशेठचं हॉटेल उभं राहत होतं. लॉनवरून नदी दिसायला हवी, म्हणून त्यांना भिंत नको होती. जागा सरकारी. 'धोकादायक' असा रिपोर्ट लागला की परवानगी मिळणार.

"म्याडम, अर्धवट काम हाय. कधी बी पडंल," शेठ म्हणाले. "तुमी फक्त लिवून द्या."

"आधी बघते," मी म्हटलं.

अर्धवट भिंत धोकादायक असते, हे खरंच. काम थांबवताना गवंडी टोकाचे दगड एकाआड एक पुढे काढून ठेवतात, म्हणजे नंतरचं बांधकाम त्यांत अडकतं. हे दाते. काम पुन्हा सुरू झालंच नाही तर दात्यांतून पाणी शिरतं आणि भिंत आतून पोकळ होते. मी दाते शोधत पार दुसऱ्या टोकाला गेले. दाते नव्हते. टोक घडीव दगडांनी नीट बंद केलेलं. हातोडी मारली, आवाज भरीव. ओळंबा सोडला, भिंत सरळ. मग जंग्या बघितल्या. सगळ्या चुन्यात दगड घालून बुजवलेल्या. गोळ्या झाडायला बांधलेल्या भिंतीत गोळी जाईल एवढी फट नव्हती. मी चक्रावले.

टोकाला वळसा घालून मागे गेले, तर खोलगट जागेत घरं. ऑफिसने दिलेल्या फोटोंत ती कुठेच नव्हती. सगळे फोटो हॉटेलकडून काढलेले. पहिल्याच दारात एक म्हातारे गृहस्थ कोंबड्यांना दाणे टाकत होते. नाव गफूरचाचा.

"चाचा, ह्या जंग्या कुणी बुजवल्या?"

"आमच्या दादानं, म्हंजी आज्यानं, अन् गावातल्या गवंड्यांनी. फौजवाल्यांनी त्यांला जबरदस्तीनं कामाला धरून आणल्तं. फौज पळाली, मंग ह्यांनी इथंच घरं टाकली. पुराचं पानी जंग्यांतून आत यायचं, म्हून बुजवल्या. टोक बी त्यांनीच बांधून काढलं."

"आता पाणी येतं?"

"धरणातून सोडलं का भिंतीपर्यंत येतंय. आत बिलकुल न्हाई." त्यांनी हातातले उरलेले दाणे टाकले. "ताई, भिंत गेल्यावर आमी कुठं जायचं, ते पन लिवा."

मला संताप आला. शेठपेक्षा आमच्याच ऑफिसचा जास्त. तिथूनच बोराडे सरांना फोन लावला.

"सर, भिंत मजबूत आहे."

"अगं, पण अर्धवट आहे ना?"

"फौजेने अर्धवट सोडली. लोकांनी पुरी केलीय. तिच्यामागे घरं आहेत, पूर ती अडवते."

"ते आपल्याला विचारलेलं नाही. धोकादायक लिही आणि निघ."

"लिहिते. भिंत पाडणं धोकादायक आहे, असं लिहिते."

सरांनी फोन ठेवला.

मी ओट्यावर बसून रिपोर्ट हातानेच लिहिला, सही केली आणि सगळ्या घरांसमोर मोठ्याने वाचला. क्लायंटखेरीज कुणाला रिपोर्ट दाखवायचा नाही, असा फर्मचा नियम. तो मी मोडला, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा मोडेन. एक प्रत तहसीलला दिली, एक शेठच्या हातात.

"म्याडम, हे तुमाला महागात पडंल."

"पडू द्या," मी म्हटलं.

पडलंच. त्याच आठवड्यात नोकरी गेली. शेठने दुसऱ्या इंजिनिअरकडून हवा तसा रिपोर्ट आणला. पण दोन उलटे रिपोर्ट समोर आल्यावर तहसीलदार साहेबांना स्वतः येऊन त्या घरांसमोर उभं राहावं लागलं. परवानगी मिळाली नाही. हॉटेलच्या खिडक्या आता हायवेकडे उघडतात.

पुढच्या पावसाळ्यात धरणाचं पाणी सोडल्याची बातमी ऐकून मी घाबरत चाचांना फोन केला. ते म्हणाले, "हौ, भिंतीला लागलंय पानी. आमी जेवून राह्यलो."

आता जुन्या जालन्यात, एका धान्याच्या दुकानाच्या माडीवर माझं स्वतःचं ऑफिस आहे. कामाला येणाऱ्या नव्या इंजिनिअरांना मी एकच सांगते. भिंतीला दोन बाजू असतात. क्लायंट आपल्याला त्यातली एकच दाखवतो.