म्हस हलली नव्हती

२०२३ साल. मी बाहत्तर वर्षांचा होतो आणि कॅमेऱ्यातलं आपल्याला सगळं कळतं, असं समजून चाललो होतो.

शाळा चौथीपर्यंत. पुढची चाळीस वर्षं लेथवर गेली. सूतभर फरक नुसत्या नजरेनं सांगायचो, त्याचा ताठा अंगात मुरलेला. काम सुटल्यावर राजारामपुरीतल्या एका दुकानातून वापरलेला डिजिटल कॅमेरा घेतला, वर पन्नास एमएमची लेन्स. सुनेनं मोबाइलवर बघून बघून मला शिकवलं. लोकांना मात्र मी सांगायचो, माझा मी शिकलो.

त्या दिवाळीत पाडव्याच्या रात्री घरातली सगळी गगनबावड्याला गेलो. इथं शहरात फटाक्यांच्या धुरात एक चांदणी दिसत नव्हती. तिकडं घाटमाथ्यावर कृत्तिकांचा झुबका हाताला लागेल असा. अंधारात लेन्सला आपणहून फोकस सापडत नाही. म्हणून तिच्या अंगावरचं बारकं बटण खाली ओढायचं, एक ठळक तारा धरून रिंग हातानं फिरवायची, आणि ती सरकू नये म्हणून वर चिकटपट्टी मारायची. तसं केलं. तारे असे उमटले की मी मुलाला चार वेळा दाखवले.

येताना गाडीत सून म्हणाली, “मामा, पट्टी आठवणीनं काढा. बटण बी वर करा. न्हाईतर उद्याचं फोटो पुसट येतील.”

“मला शिकवू नगंस,” मी म्हणालो.

सकाळी मित्राकडं जायचं होतं. एका गल्लीत वाढलेलो आम्ही. त्याच्या घरात तीन पिढ्या दुधाचा धंदा. त्याचे गुडघे गेले, मुलगा नोकरीला, म्हणून गोठा एकेक करत रिकामा झालेला. राहिली होती ती एकच लाडकी म्हस. पाडव्याला म्हशी सजवून फिरवायची आमच्याकडं रीत. आदल्या दिवशी शिंगं रंगवून, गळ्यात कवड्यांची माळ घालून त्यानं तिला शेवटची मिरवली होती. आता आजऱ्याचं गिऱ्हाईक तिला नेणार होतं.

“टेम्पो भरायच्या आत ये,” त्यानं मला बजावलं होतं. “आम्हा दोघांचा एक फोटो पायजे. भिंतीला लावतो.”

गेलो तर टेम्पो मागं रस्त्याकडेला लागलेला. मित्र इस्त्रीचा सदरा घालून तयार. म्हस त्याच्या खांद्याला नाक लावून उभी. मी डायल हिरव्या खुणेवर, म्हणजे सगळं कॅमेराच ठरवतो त्या खुणेवर आणला आणि दहा-बारा फोटो काढले. चष्मा खिशातच. चष्म्याशिवाय फोटो काढतो, ही माझी आणखी एक फुशारकी.

त्याच्या बायकोनं स्वतःचा चष्मा लावून कॅमेऱ्याचा पडदा बघितला. “भावजी, ह्यांचं तोंडच दिसंना की. समदं धुरकाट.”

मोठं करून बघितलं. खरंच होतं. कारण कळेना, आणि ‘कळेना’ हा शब्द माझ्या तोंडाला ठाऊक नव्हता.

“म्हस हलली,” मी म्हणालो.

“हलली?” मित्र म्हणाला. “दगडागत हुबी हाय की!”

“तुला दिसत न्हाय, कॅमेऱ्याला दिसतंय. धर तिला नीट.”

परत काढले. परत तसेच. टेम्पोवाला ओरडला, “ओ पावणं, आटपा की! म्हशीचं लगीन लावताय काय?”

जमलेली माणसं हसली. माझे कान तापले. “असल्या जनावराचा फोटो येत न्हाय गड्या,” मी म्हणालो. “वळणच न्हाय तिला.”

त्या म्हशीवर मित्रानं कधी हात उचलला नव्हता. आता त्यानं हातातलं दावं दुमडून तिच्या तोंडावर हाणलं. “शेवटच्या दिशी बी मान राखाय येईना व्हय तुला?”

मग तिला टेम्पोत चढवली. फळी लावायच्या आधी तो तिच्या कपाळावर हात ठेवायला गेला, तर तिनं डोळे मिटून मान मागं ओढली. टेम्पो गेला. तो हात तसाच धरून उभा.

संध्याकाळी सुनेनं फोटो कॉम्प्युटरवर लावले. मागं टेम्पोचा नंबर लख्ख. पुढं माणूस आणि म्हस, दोन्ही सारखीच पुसट.

“मामा, म्हस हलली असती तर एकटी म्हसच पुसटली असती,” ती हळू म्हणाली.

लेन्स हातात घेतली. पट्टी तशीच होती, फोकस रात्रीच्या ताऱ्यांवरच, लांबवर अडकलेला. ‘मी सांगितलं होतं’ असं ती म्हणाली नाही. म्हणाली असती तर मी भांडलो असतो, आणि बरं वाटलं असतं. पोट दुखतंय असं सांगून जेवलो नाही. म्हणजे हे आणखी एक खोटं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चालत त्याच्या गोठ्यावर गेलो. तो रिकाम्या गव्हाणीवर बसला होता.

“म्हस हलली न्हवती,” मी म्हणालो. “रात्रीची पट्टी काढायची मी इसरलो. सुनेनं सांगितलं असताना.”



“मला काय सांगतोस? मार तिनं खाल्लाय.”

बस म्हणाला नाही. आतून चहा आला नाही. मी गिऱ्हाइकाचं घर विचारलं. वहिनींनी उंबऱ्यातूनच सांगितलं.

“ती तुला काय वळखायची न्हाय,” तो म्हणाला. आणि वर न बघता तिच्या खाण्यातल्या उरलेल्या सरकीची पिशवी पायानं माझ्याकडं सरकवली. “मोकळ्या हातानं जाऊ नगंस.”

पिशवी उचलली, स्टँडवर गेलो आणि आजऱ्याच्या एसटीत बसलो.